लोअर आर्म आणि बॉल जॉईंटच्या कामाबद्दल आपण लिहिलेल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय काळजीपूर्वक वाचला. आपल्या जुन्या पोर्शे ९४४ च्या पुढच्या सस्पेन्शनचे काम आमच्याकडे झाले, त्याला आपण दोन तारे दिले आहेत. आपले म्हणणे असे की, वळताना डावीकडून येणाऱ्या 'कट्-कट्' आवाजाची साधी तक्रार घेऊन आपण आलात आणि आम्ही एका बॉल जॉईंटऐवजी (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा) डावीकडचा संपूर्ण लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) बदलला, कसलाही आवाज नसलेली उजवी बाजू उघडली, नुकतेच अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) झालेले असताना ते पुन्हा करून त्याचे वेगळे बिल लावले, आणि गाडी हाती आली तेव्हा स्टिअरिंग पूर्वीपेक्षा जड झाले होते. दुसऱ्या मेकॅनिकला चाक हलवून काहीच प्ले (सैलपणा) सापडला नव्हता, हेही आपण नोंदवले आहे. मात्र सर्वांत कठोर शब्द आपण वापरले आहेत ते 'भीती घालून काम गळ्यात मारले' असे. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

आपण 'आज गाडी घेऊन जातो, काम पुढच्या महिन्यात बघू' असे म्हणालात तेव्हा आम्ही गाडी चालवत नेऊ नका, न्यायचीच असेल तर टो करून न्या, असे सांगितले आणि तरीही चालवत नेल्यास जोखीम आपली राहील, असे लेखी मागितले. हे आम्ही प्रत्येक कामात करत नाही. शॉकअप गळत असेल, बुश (सांध्यातले रबर) फाटले असतील, ब्रेक पॅड संपत आले असतील, तर ग्राहकाला आम्ही मोकळेपणाने सांगतो की थोडे थांबलात तरी चालेल. लोअर बॉल जॉईंटला ही सवलत नाही, आणि आपल्या गाडीत तर मुळीच नाही. या गाडीच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब. चाकाला वरून हा स्ट्रट धरतो आणि खालून फक्त लोअर आर्म, आणि तो आर्म व स्टिअरिंग नकल (चाक ज्यावर बसते तो वळणारा भाग) यांना जोडणारी वस्तू एकच, बॉल जॉईंटची पिन, म्हणजे गोळ्याचा दांडा. तिथे दुसरा आधार नाही. पिन मोडली किंवा वाटीतून निसटली, तर चाकाचा खालचा भाग त्या क्षणी मोकळा होतो, चाक मडगार्डखाली आडवे होते, स्टिअरिंग फिरवून गाडी वळत नाही आणि अनेकदा ब्रेकचा होजही ओढला जातो. बॉल जॉईंट बरेच दिवस आवाज देतो हे खरे, पण आवाजापासून निसटण्यापर्यंत किती अंतर उरले आहे, हे कोणताही मेकॅनिक बाहेरून सांगू शकत नाही. आम्हालाही ते सांगता येत नव्हते. म्हणूनच आम्ही तसे बोललो, आणि उद्या अशी गाडी पुन्हा आली तर तेच बोलू.

आता दुसऱ्या मेकॅनिकच्या तपासणीविषयी. त्यांनी चाक वर-खाली धरून हलवले आणि त्यांना काही जाणवले नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्यांच्या कौशल्याबद्दल मला काहीही म्हणायचे नाही. बॉल जॉईंट म्हणजे माणसाच्या खुब्याच्या सांध्यासारखा, वाटीत बसलेला गोळा. तो झिजला तरी प्रत्येक स्थितीत सैल लागतोच असे नाही. पुष्कळ जणांचा समज असतो की गाडीचे वजन याच जॉईंटवर असते. दोन विशबोन (चाकाला वरून आणि खालून धरणारे आर्म) असलेल्या आणि खालच्या आर्मवर स्प्रिंग टेकलेल्या गाडीत ते खरे आहे, आणि तिथे जॅक खालच्या आर्मखालीच लावून जॉईंटवरचा भार काढावा लागतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्प्रिंग स्ट्रटवरच असते आणि वजन वरच्या माउंटमधून बॉडीला जाते. खालचा जॉईंट वळणावरचा आणि ब्रेकचा आडवा जोर सोसतो. म्हणून तपासणीही आडवी करावी लागते. आम्ही गाडी बॉडीच्या ठरलेल्या जागी उचलली, दोन्ही चाके लोंबकळू दिली, कारण एकच बाजू उचलली तर अँटी-रोल बार (दोन्ही बाजू जोडणारी सळई) आर्मला ताण देऊन प्ले झाकून टाकतो. मग नकल आणि आर्म यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलक्या हाताने रेटले. डावीकडे पिन वाटीत सरकताना डोळ्यांना दिसली आणि तोच 'कट्' आवाज आला. हे आपल्याला त्याच वेळी गाडीखाली बोलावून दाखवले होते. चाकाच्या बेअरिंगचा प्ले यात मिसळू नये म्हणून एकाने ब्रेक दाबून धरला आणि तपासणी पुन्हा केली. ब्रेक दाबल्यावर बेअरिंगचा प्ले जातो, बॉल जॉईंटचा जात नाही. आपल्या गाडीत तो गेला नाही.

संपूर्ण आर्म का, हा आपला प्रश्न रास्त आहे आणि या गाडीच्या बाबतीत तो जवळपास प्रत्येक मालक विचारतो. ९४४ च्या सुरुवातीच्या गाड्यांना पोलादी आर्म होते आणि त्यांचा बॉल जॉईंट स्वतंत्रपणे बदलता येत असे. १९८५ च्या मध्यापासून ॲल्युमिनियमचे आर्म आले. त्यांच्यात बॉल जॉईंट हा वेगळा भागच नाही: आर्मच्याच टोकाला घर (जॉईंट बसण्याची पोकळी) कोरलेले आहे, त्यात प्लॅस्टिकची वाटी आणि वाटीत पिनचा गोळा. कंपनीच्या हिशेबाने जॉईंट झिजला की आर्म बदलायचा. बाजारात नवी पिन, वाट्या आणि रबरी बूट (जॉईंटवरचे धूळ रोखणारे आवरण) असलेले किट मिळते, ते आम्हीही वापरतो, आणि चांगले किट नीट बसवले तर ते उत्तम चालते. पण किट घरात बसते. घरच बिघडले असेल तर किट काय धरणार?

आपला डावा आर्म उघडला तेव्हा बूट खालच्या कडेने फाटलेला होता आणि आतले ग्रीस तपकिरी, वाळूसारखे खरखरीत झाले होते. पिन धुऊन प्रकाशात धरली तर मानेवर एका बाजूला नखाएवढी चकचकीत खूण होती, आणि घराच्या कडेवर बरोबर तिच्या समोर धातू चेपलेला होता. म्हणजे पिन कलता कलता कडेला टेकत होती. यामागचे कारण मला गाडीच्या उंचीत दिसते. आधीच्या मालकाने बसवलेल्या आखूड स्प्रिंगमुळे गाडी खाली बसली आहे; गाडी खाली आली की आर्मचे बाहेरचे टोक बॉडीच्या तुलनेत वर जाते, पिन नेहमीच कललेली राहते आणि खड्ड्यात चाक वर उचलले गेले की तिला कलायला जागा उरत नाही. मग ती सांध्यासारखी फिरत नाही, तरफेसारखी वाकवली जाते. या मॉडेलच्या पिना मोडण्याचे हे ठाऊक असलेले कारण आहे. चेपलेल्या, लंबगोल झालेल्या घरात नवी प्लॅस्टिकची वाटी घट्ट बसत नाही, आणि ॲल्युमिनियमच्या अशा भागावर वेल्डिंग करून घर पुन्हा घडवणे आम्हाला मान्य नाही. त्यामुळे डावीकडे किटचा पर्याय उरला नव्हता.

उजवीकडे आम्ही आर्म बदललेला नाही, हे कृपया आपले बिल पाहून पडताळून घ्यावे. तिथेही बूट फाटला होता, पण घर गोल आणि कड शाबूत होती. आर्म स्वच्छ करून डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) तपासला, कारण लोखंडावर चालणारी चुंबकीय तपासणी ॲल्युमिनियमवर चालत नाही; कुठेही तडा दिसला नाही, म्हणून तिथे किटच बसवले. सरसकट आर्म खपवण्याचा हेतू असता, तर उजवा आर्मही बदलण्याचे कारण आम्हाला फाटलेल्या बुटात आयतेच मिळाले असते.

नवा आर्म मागवताना पिनची जाडी मोजून घेणे या गाडीत फार महत्त्वाचे असते. आधीच्या वर्षांच्या ॲल्युमिनियम आर्मला १७ मिलिमीटरची पिन असते, नंतरच्या वर्षांच्या आर्मला १९ मिलिमीटरची, आणि दिसायला दोन्ही आर्म सारखेच वाटतात. पिन नकलमध्ये शिरते आणि तिच्या खाचेतून आडवा जाणारा बोल्ट तिला अडकवून ठेवतो. आपल्या गाडीचा तो बोल्ट गंजून जाम होता. तो ठोकून काढला असता तर काम लवकर झाले असते, पण नकलची भेग छिन्नीने वाजवीपेक्षा जास्त फाकवली तर ती पुढे पिनला घट्ट आवळत नाही. म्हणून तेल मुरवत, थोडी उष्णता देत तो सावकाश काढला आणि दोन्ही बाजूंना नवे बोल्ट-नट घातले. गाडी मिळायला जो उशीर झाला, तो मुख्यतः यातच.

अलाइनमेंटबद्दल आपला राग समजू शकतो, कारण त्याचे पैसे आपण अलीकडेच मोजले होते. परंतु सैल जॉईंटवर केलेले अलाइनमेंट म्हणजे मोजणीच्या वेळी पिन वाटीत जिथे टेकली होती, तिथले माप. गाडी रस्त्यावर आली, ब्रेक लागला, की ते माप बदलते. त्यातच आर्म बदलताना त्याचा आतला माउंट सोडावा लागतो आणि या गाडीचा कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल) तिथेच सेट होतो. आतल्या रबरी बुशचे बोल्ट आम्ही गाडी चाकांवर उभी करून, ती नेहमीच्या उंचीवर बसल्यानंतरच अंतिम घट्ट केले. चाके लोंबकळत असताना ते आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. एवढे झाल्यावर अलाइनमेंट न करता गाडी देणे म्हणजे काम अर्धवट सोडणे होते. अंदाजपत्रकात ही ओळ वेगळी लिहिलेली होती आणि त्यावर आपली संमती घेतली होती.

राहिला स्टिअरिंगचा जडपणा. ही तक्रार मी हलकी मानत नाही. नव्या वाटीत पिन घट्ट बसते आणि दोन्ही बाजूंना नवा जॉईंट असला की सैल जॉईंटची सवय झालेल्या हाताला फरक जाणवतो. काही काळ चालवल्यावर हा घट्टपणा थोडा कमी होतो. मात्र वळण घेऊन झाल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल, किंवा ते मधेच एखाद्या ठिकाणी अडकल्यासारखे वाटत असेल, तर त्याचे कारण नवा जॉईंट आहे असे मानून थांबू नये. अशा वेळी स्ट्रटच्या वरच्या माउंटमधले बेअरिंग आणि स्टिअरिंग रॅक तपासावे लागतात. आपण गाडी आणा. मी स्वतः आपल्यासोबत ती चालवून पाहीन आणि या तपासणीचे कोणतेही शुल्क घेणार नाही.

जुना डावा आर्म, दोन्ही पिना आणि फाटलेले बूट आपल्या नावाची चिठ्ठी लावून ठेवले आहेत. हवे तर आपल्या विश्वासातल्या मेकॅनिकला सोबत आणा, घराची चेपलेली कड त्यांना बोट फिरवून पाहू द्या आणि सामान घरी घेऊन जा. स्प्रिंग बदलून गाडीची उंची मूळ मापावर आणावी असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. हे काम आमच्याकडेच करायला हवे असे नाही. तोपर्यंत ऑइल बदलायला गाडी जिथे कुठे उचलली जाईल, तिथे दोन्ही बुटांची खालची कड टॉर्चच्या उजेडात पाहून घ्यायला सांगा. ग्रीस बाहेर आलेले दिसले, तर आवाज येण्याची वाट पाहू नका.