आठ बाय चार

आमच्या घरात आठ बाय चार फुटांची सलग जागा एकच आहे आणि तिच्यावर पलंग आहे. हा शोध मला लग्नानंतर अठ्ठावीस वर्षांनी, हातात टेप धरल्यावर लागला.

टेप धरायला कारण झाली रेल्वे. खेळण्यातली म्हणू नका, तिला मॉडेल म्हणतात. खेळणं पोरं मोडतात, मॉडेलजवळ पोरांना फिरकू देत नाहीत, एवढाच फरक. मी रिटायर झालो म्हणून भाच्यानं एक खोकं आणून दिलं. इंजिन, दोन डबे आणि गोल रूळ. "मामा, आता मस्त लेआउट करा," म्हणाला, म्हणजे फळीवर अख्खी रेल्वे मांडा, आणि पुण्याला निघून गेला. त्याचं काय जातंय!

तर हिशेब असा. एचओ नावाच्या मापात सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटर. पण गाडी लहान झाली म्हणून तिचा तोरा लहान होत नाही. वळणाची त्रिज्या निदान अठरा इंच हवी, म्हणजे गोल तीन फुटांचा. कडेला थोडी जागा सोडली की फळी चार फुटी, आठ बाय चारची. ती भिंतीला लावावी तर पलीकडच्या कोपऱ्यात घसरलेलं इंजिन उचलायचं कुणी? माणसाचा हात अडीच फुटांवर संपतो. यावर उपाय म्हणून फळीच्या मधोमध भोक ठेवतात, खालून वाकून जायचं आणि त्यात उभं राहायचं. मी फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर करून पाहिलं. वाकलो, शिरलो, उभा राहिलो. बाहेर काढायला शेजारचे दोघे आले. पोटाला सत्त्याऐंशीनं भागायची सोय त्या मापात नाही.

कोणती गाडी करायची, हा प्रश्न मात्र लातूरकराला पडतच नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी घेऊन आली ती. पहिल्या खेपेला दहा टँकर, पाच लाख लिटर. पुढं पन्नास-पन्नास टँकरांच्या गाड्या आल्या. मी हौसेनं पन्नासचाच बेत धरला. एक टँकर साधारण बारा मीटर. सत्त्याऐंशीनं भागला की चौदा सेंटिमीटर. गुणिले पन्नास, सात मीटर. आमचा हॉल चौदा फुटांचा. म्हणजे इंजिन गॅसच्या शेगडीला टेकलं तरी शेवटचा टँकर जिन्यात चपलांपाशी उभा.

मग एकशे साठपट लहान असलेल्या एन मापावर उतरलो. तरी पावणेचार मीटर! दोन बाय चारच्या फळीवर रुळाचा अख्खा फेराच तीन मीटरच्या आत संपतो. इंजिन निघायचं मिरजेहून आणि लातूर यायच्या आत स्वतःच्याच शेपटाला धडकायचं. गोल फिरण्याचं लातूरकराला वावडं नाही, सोळा रस्ते येऊन मिळतात त्या गंजगोलाईभोवती आमचं आयुष्य गेलं. पण तिथंसुद्धा माणूस स्वतःलाच मागून धडकत नाही.

तरी मी शहाबादी फरशीवर खिळा, दोरी आणि खडूनं सगळं आखलं. यार्ड, रूळ बदलायचे सांधे, सिग्नल, वाटेवरच्या येडशीचा डोंगर.

"काय आखायलाव ओ?" बायको दारातूनच.

"स्टेशन."

"मग मी पाय कुठं ठेवू?"

"प्लॅटफॉर्मवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर यार्ड साफ. डोंगर गेला, सिग्नल गेले. एका कोपऱ्यात, बादली ठेवली होती तेवढ्या जागी, अर्धा सांधा शिल्लक. फरशी मात्र लख्ख.

त्या अर्ध्या सांध्याकडं बघत चहा पिताना बारशी लाईट आठवली. आमच्या लहानपणची छोटी गाडी. ढोकी, मुरूड करत लातूरला यायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती १८९७ला बारशीत आणली, १९११ला ती लातुरात पोचली. दोन रुळांत अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. एका आसावर पाच टनांहून जास्त भार नाही. रूळ हलके, खर्च कमी, वळणं आखूड. (हाच गृहस्थ पुढं पॅराशूट बनवायला लागला. आमच्या गाडीतून उतरायची घाई प्रवाशांना असायची, हे माहीत होतं. मालकालाही होती, हे नवीन.)

७६२ला सत्त्याऐंशीनं भागलं. पावणेनऊ मिलिमीटर. आणि एनचे तयार रूळ मिळतात नऊ मिलिमीटरचे! म्हणजे माणसं, घरं, लिंबाचं झाड मोठ्या मापाचं आणि रूळ छोट्या मापाचे. डबे आखूड, त्यामुळं नऊ इंच त्रिज्येत गाडी सुखानं वळते. दोन फूट रुंदीत काम भागतं. त्या कॅलथ्रॉपला पैसे कमी होते, मला जागा.

भाच्याचं पूल करायचं टुमणं फोनवर चालूच होतं. रूळ रुळावरून न्यायचा तर सात-आठ सेंटिमीटर उंची लागते, शंभराला चारचा चढ धरला तरी दोन मीटर चढण. पूल रद्द केला.

राहिला प्रश्न फळी ठेवायची कुठं. २०१६पासून आमच्या हॉलच्या कोपऱ्यात दोनशे लिटरचे दोन बॅरल उभे आहेत, पडद्यामागं, काठोकाठ भरलेले. पाऊसकाळ कितीही चांगला झाला तरी ते रिकामे करायची हिंमत घरात कुणात नाही. शेजारी-शेजारी मोजले. चार फूट लांब, दोन फूट रुंद.

आता बारशी-लातूर गाडी त्या चारशे लिटरवर धावते. एका झाकणावर लातूर, दुसऱ्यावर बारशी, मधल्या फटीवर थर्माकोलची येडशी. अडचण एवढीच, की नळाला पाणी आलं की दोन्ही झाकणं उघडावी लागतात. त्या दिवशी मेगाब्लॉक. अख्खी लाईन उचलून पलंगावर ठेवायची, डबे न घसरता.

काल पहाटे चारला नळ आला. बायकोनं पदर खोचला, पडदा सारला आणि मला हलवून उठवलं.

"उठा ओ. लातूर तुम्ही धरा, बारशी मी धरते."