अळंबी बटण मशरूमची जंगली बहीण नव्हे

तुमचा अळंबीवरचा लेख आवडला, पण त्यातलं 'येऊरच्या डोंगरातली अळंबी म्हणजे आपल्या बटण मशरूमचीच जंगली जात' हे वाक्य कृपया दुरुस्त करा. वारुळावर उगवणारी ही अळंबी टर्मिटोमायसिस या प्रजातीतली. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजे एम (Roger Heim) यांनी 1942 मध्ये ही प्रजाती वेगळी मांडली आणि आज ती लायोफायलेसी कुळात मोडते. बटण मशरूम अगॅरिकेसी कुळातलं. शेडमध्ये कंपोस्टवर बटण पिकतं. अळंबीला मात्र जिवंत वाळवीच लागते, म्हणून तिची व्यापारी शेती अजून कुणाला जमलेली नाही.

हा नुसता नावांचा घोळ असता तर लिहिलंही नसतं. पण बटणच्याच कुळात क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स हे विषारी भूछत्र आहे, आणि तुमचं वाक्य वाचून कुणी त्यालाच अळंबी समजू शकतं. पावसाळ्यात सोसायटीच्या लॉनवर, बागेतल्या गवतात येतं, पांढरं, छत्रीएवढं टपोरं. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत दरवर्षी कुणीतरी ते पिशवीत भरायला निघतंच! कोवळं असताना खालच्या पाकळ्या पांढऱ्याच असतात, हिरवट झाक नंतर चढते. खाल्लं की काही तासांत उलट्या-जुलाब. अळंबीचे बीजाणू गुलाबीसर आणि देठ मुळासारखा लांब, थेट वारुळात उतरलेला. स्टेशनबाहेर पानात अळंबी घेऊन बसणाऱ्या आदिवासी मावशी तो देठ अख्खा उपटून आणतात, छाटत नाहीत. लेखात फोटो टाकलात तो नेमका देठ कापलेला आहे. तोही बदला.