सूफी व्हायचंय? मग एवढं कराच!

शनिवारी सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका लॉनवर 'सूफी नाईट' होती. ऑफिसातल्यांनी तिकीट माझ्या गळ्यात मारलं, का तर 'तुला आवडणारच लगा, तुमचंच आहे की.' बरं म्हटलं. पुढं दोन-तीन गाणी झाल्यावर निवेदक माईक धरून म्हणतो, मित्रहो, सूफी म्हणजे प्रेम, सूफीचा इस्लामशी काहीही संबंध नाही. टाळ्या. माझ्या शेजारच्याने तर उठून वाजवल्या आणि वाजवता वाजवता माझ्याकडं बघून हसला. म्हणजे तिकीट खपवताना आमचं आणि टाळ्या घेताना कुणाचंच नाही.

पण मागणी बघितली आणि वाटलं, एवढ्या लोकांना सूफी व्हायचंय तर आपण जन्मापासून मिरजेत राहतोय, थोडं गाईड करायला काय जातंय. तर लिहून घ्या.

कपडे काळे घ्या. गळ्यात मोठ्या मण्यांची माळ, बोटात फिरोज्याची अंगठी. केस असतील तर वाढवा.

आता रूमी, तो फारसी कवी. रूमीशिवाय चालत नाही. फक्त पूर्ण नाव घेऊ नका, जलालुद्दीन मुहंमद हे स्टेटसवर बरं दिसत नाही. १२०७ सालचा जन्म, कोन्याच्या मदरशात शिकवणारा मौलवी, हनफी कायदा कोळून प्यालेला, बाप पण धर्मोपदेशक, ही माहिती कुणी काढलीच तर विषय बदला. मसनवी या त्याच्या मोठ्या काव्यात पंचवीस हजारांच्या आसपास शेर आहेत आणि त्यात पानोपानी कुराणातल्या आयती आणि पैगंबरांच्या गोष्टी आहेत, पण एवढं वाचतंय कोण, आपल्याला सूर्यास्ताच्या फोटोवर बसतील एवढ्या चार ओळी बास. त्यात अल्ला आला तर 'युनिव्हर्स' करा. पैगंबर आले तर ती ओळच उडवा. 'जीव आहे तोवर मी कुराणाचा चाकर, मुहंमदाच्या वाटेवरची धूळ' अशा अर्थाची एक रुबाई आहे रूमीची, ती चुकूनसुद्धा फॉरवर्ड करू नका, ग्रुपमधून काढतील. आणि आपण काही वाचलेलं नाही म्हणून लाजू नका, अमेरिकेत ज्या कवीमुळे रूमी घरोघर पोचला त्यालाही फारसी येत नव्हती.

नंतर गोल फिरायला शिका. लॉनवर एक पोरगी आणली होती, पांढऱ्या घेराच्या कडेला एलईडीची माळ, ती फिरली, लोकांनी मोबाईल वर केले, आणि शेवट डीजेवर झाला. कोन्याच्या मेवलेवी पंथाचं, म्हणजे रूमीच्या मागून चाललेल्या सूफी पंथाचं, जे फिरणं असतं ते पैगंबरांच्या स्तुतीनं सुरू होतं आणि कुराण पठणानं संपतं. मधलं तेवढं घ्या. तुर्कस्ताननं १९२५ साली कायदा करून हे सगळे मठ बंद केले आणि पुढं तेच फिरणं टुरिस्टांसाठी स्टेजवर आणलं, त्यामुळं आपला लॉनवाला काही नवीन पाप करत नाहीये.

मेन्यू शुद्ध शाकाहारी ठेवा. (आमच्याकडं पीराच्या दारात नवसाची कंदुरी होते, बोकड पडतो, पण सूफी म्हणजे प्रेम ना, पनीर टिक्का.)

गाण्याचं तर काय सांगावं. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया, ज्यांचं नाव निवेदकानं चारदा घेतलं, त्यांनी समा, म्हणजे सूफींचं भक्तीचं गाणं, ऐकायला अटी घातलेल्या होत्या. गाणारा प्रौढ पुरुष पाहिजे, ऐकणाऱ्याचं चित्त देवाच्या स्मरणात पाहिजे, गाण्यात अचकट-विचकट काही नको आणि वाद्यं नकोत. सगळ्या अटी मलाही पटत नाहीत, बायकांनी का गाऊ नये म्हणे. पण याच माणसाला उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, सुलतान गियासुद्दीन तुघलकापुढं उभं केलं होतं, गाणं ऐकणं धर्मात बसतं का म्हणून, तेव्हा त्यांनी आपली बाजू मांडली ती हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा, आधार घेऊन. 'माझा तुमच्या धर्माशी संबंध नाही' म्हणून निसटले नाहीत. घरातलं भांडण होतं, घरात उभं राहून भांडले. हे निवेदकाला कोण सांगणार, तो तोवर पुढच्या फिल्मी गाण्यावर गेला होता, ज्यात दोन ठिकाणी 'मौला' आहे म्हणून ते सूफी.

शजरा दिसला तर कात्री लावा. प्रत्येक सिलसिल्याची, म्हणजे सूफी पंथाची, गुरुपरंपरा त्यात लिहिलेली असते, चिश्ती, कादिरी, सुहरावर्दी अलींकडून आणि नक्शबंदी अबू बक्र यांच्याकडून, आणि शेवटी सगळ्या जाऊन थांबतात मुहंमद पैगंबरांपाशी. तेवढं वरचं टोक कापलं की झालं सेक्युलर.

मन्सूर हल्लाज, तो 'अनल हक' म्हणणारा सूफी, पण कामाला येतो. 'बघा, त्यांनी त्याला मारलं' म्हणायला. ९२२ साली बगदादमध्ये मारला हे खरंच आहे. त्यानं तीनदा हज केली होती हे सांगायची गरज नाही.

आता मुख्य टिप, ही नीट ऐका. सूफी होण्याचा खरा फायदा गाण्यात नाही, सर्टिफिकेट वाटण्यात आहे. एकदा तुम्ही सूफी झालात की कुठला मुसलमान चांगला आणि कुठला वाईट हे ठरवायचा अधिकार तुम्हाला आपोआप मिळतो. मला पार्किंगमध्ये एक साहेब भेटले, पहिल्या रांगेत डोळे मिटून डोलत होते, म्हणाले तुम्ही कसे सूफी टाइप आहात, शांत, सगळे असे असते तर प्रश्नच नव्हता. मी पाच वेळची नमाज पढतो साहेब. रोजे धरतो. हे मी त्यांना सांगितलं नाही कारण सांगितलं असतं तर माझं सर्टिफिकेट जागेवर रद्द झालं असतं. आणि हे साहेब कोण, तर विश्रामबागेतल्या ज्या बिल्डिंगमध्ये मी मागच्या महिन्यात फ्लॅट बघायला गेलो होतो तिथले चेअरमन. मला ओळखलं नाही त्यांनी. तेव्हा फोनवर नाव विचारलं होतं, गाव विचारलं होतं, मिरज म्हटल्यावर जरा थांबले होते, मग 'तसं आमचं काही नाही हो, पण सोसायटीतल्या लोकांचं जरा.' जरा काय? ते वाक्य आजपर्यंत कुणी पूर्ण केलेलं मी ऐकलेलं नाही. आम्हालाही आता पुढचं ऐकायची गरज पडत नाही. तर हाच माणूस शनिवारी पाकिस्तानातल्या सेहवानच्या लाल शाहबाज कलंदर या सूफी पीराच्या गाण्यावर हात वर करून डोलत होता, आणि तो कलंदर आज हयात असता आणि वन बीएचके बघायला आला असता तर त्याला काय सांगितलं असतं यांनी?

त्या कलंदराच्या दर्ग्यात २०१७ च्या फेब्रुवारीत बॉम्ब फुटला. ऐंशीच्या वर माणसं मेली. जबाबदारी इसिसनं घेतली. त्यांचं म्हणणं काय, तर हे दर्गे, हे गाणं, हे पीर इस्लामच नव्हेत. आता निवेदकाचं वाक्य आठवा. सूफीचा इस्लामशी काही संबंध नाही. शब्द वेगळे, बॉम्ब आणि माईक यात फरक आहेच, तो मला पण कळतो, पण मत एकच आहे ना राव? आमच्या गल्लीत पण येतात अधूनमधून सफेद कपड्यातले भाऊ, दर्ग्याला जाऊ नका, शिर्क आहे (म्हणजे देवाच्या जोडीला दुसरा बसवणं), गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चढवू नका. त्यांना आमची दादी उंबऱ्यावरनंच वाटेला लावायची. तुम्हाला कोण लावणार, तुम्ही तर तिकीट लावून बोलवता.

आणि म्हणे सूफी सगळ्यांचा असतो. असतोच की! हे काय लॉनवर शिकायचं? मिरजेत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या उरुसाला पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. पहिला. पिढ्यान् पिढ्या. त्या लोकांनी कधी म्हटलं नाही की पीर आमचा व्हायचा असेल तर आधी तो मुसलमान नव्हता असं कबूल करा. डोकं झाकतात, गलेफ घेऊन येतात, मुजावर फातेहा देतो ती ऐकतात, घरी जाऊन आपल्या देवाला दिवा लावतात, कुणाचं काही अडत नाही. त्याच दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर आहे. १९३७ साली पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत बरं वाटेना म्हणून एका स्टेशनवर उतरले, नमाज पढली, सूर लावला आणि गेले असं आमच्याकडं सांगतात. दरवर्षी उरुसात त्यांच्या नावानं गाणं होतं, गाणारे कुठनं कुठनं येतात, तिकीट नसतं. ज्या तंबोऱ्यावर ते गातात तो पलीकडच्या सतारमेकर गल्लीत बनलेला असतो. त्या माणसाच्या नमाजेचं आणि गाण्याचं भांडण कधी झालं नाही, ते तुम्ही लावताय.

गूळ पाहिजे आणि ऊस नको, असं कसं चालेल? बरं, नसेल पटत इस्लाम तर नका मानू, कुणी जबरदस्ती केलीय? टीका करायची तर खुशाल करा, आम्ही पण करतो, घरात तर रोजच होते. दर्ग्यातली दुकानदारी, बायकांना आतपर्यंत जाऊ देत नाहीत कुठं कुठं, ताईत-गंडे, भूत उतरवणं, यावर बोला की. पण ज्या लोकांनी आयुष्य नमाज, रोजा, जिक्र म्हणजे अल्लाच्या नामस्मरणात घालवलं त्यांचं सगळं उचलून आणायचं आणि त्यांचंच नाव-गाव पुसायचं, आणि वर त्यांच्याच लोकांना सांगायचं की तुम्ही यांच्यासारखे व्हा, हा कुठला प्रकार? अहो ते आमच्यासारखेच होते! नावं पण तीच होती. मोईनुद्दीन, निजामुद्दीन, शमसुद्दीन. चेअरमन साहेब, तुमच्या फोनवर ही नावं आली तर तुम्ही फ्लॅट गेला म्हणून सांगाल. तो फ्लॅट अजून रिकामाच आहे, बोर्ड तसाच लटकतोय, काल जाताना बघितला. आधी तो द्या कुणाला तरी नाव न विचारता, मग डोला हवं तेवढं.