मावशी, जरा बाजूला व्हा

दुपारपासून डोकं तापलेलं आहे. परतीच्या एसटीतच लिहायला घेतलं होतं, पण जे लिहीत होतो ते शिव्याच निघत होत्या, म्हणून मोबाईल खिशात टाकला. आता मायला जेवू घातलं, ती निजली, आणि मी अंगणात खाट टाकून बसलोय.

मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आज तपासणीसाठी नागपूरला नेलं होतं. काम लवकर उरकलं तर म्हणे, "झिरो माईलले चाल ना बापू. दोन वर्सं झाले, म्या गेली नाही." तिच्या गुडघ्यांमुळे मागच्या दोन्ही तेवीस नोव्हेंबरला जमलं नव्हतं. मेट्रोनं नेलं. तिथल्या गोवारी शहीदांच्या स्मारकापुढं तिनं चप्पल काढली, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. तेवढ्यात एक विशीतला पोरगा काठीला मोबाईल लावून बोलत बोलत आला. झिरो माईलचा दगड म्हणजे भारताचा मध्यबिंदू, हृदय, चार घोडे, हे सगळं सांगून झालं असावं. त्याला आता उड्डाणपूल आणि मागचं मेट्रोचं स्टेशन एकत्र घ्यायचं होतं. तो म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय."

आणि माय बाजूला झाली. चपला हातात घेऊन. "हो हो बाप्पा" म्हणत.

त्या जागेवर माझ्या मायला बाजूला व्हायला सांगितलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होतं. आम्ही गोवारी दिवाळीला जी ढाल नाचवतो, ती नाचवून वीस दिवस झाले होते, कापसाची वेचणी ऐन भरात होती. वेचणीची मजुरी बुडवून आमच्या गावातून बाया-माणसं ट्रकमध्ये उभी राहून नागपूरला गेली. मागणी एवढीच की आम्हा गोवाऱ्यांना, गुरं राखणाऱ्या समाजाला, अनुसूचित जमातीच्या सवलती द्या. यादीत 'गोंड गोवारी' लिहिलेलं, १९८५ च्या शासन निर्णयानं आम्हाला त्यातून बाहेर ठेवलेलं, आणि लोक म्हणत होते की अरे आम्हीच ते. हजारो लोक मॉरिस कॉलेजच्या टी-पॉईंटवर अडवलेले. दिवसभर बसले. निवेदन घ्यायला कोणी आलं नाही. संध्याकाळी लाठ्या उठल्या, लोक पळाले, पळायला जागाच नव्हती. ११४ माणसं गेली. माणसं म्हणतो, पण त्यात बहुतेक बाया आणि लेकरं होती.

माय त्या गर्दीत होती. मी नऊ वर्षांचा, आजीजवळ गावात. मायनं मला नेलं नाही कारण मला ताप होता. त्या तापानं मला वाचवलं असं आजी मरेपर्यंत म्हणायची.

माय सांगते की ती लोखंडी कठड्याला दाबली गेली होती, श्वास घेता येत नव्हता, आणि तिच्या पोटाशी एक पोरगी होती. तीन-चार वर्षांची. आपली नाही, ओळखीची नाही, कोणाच्या तरी हातातून सुटलेली. पिवळा फ्रॉक. मायनं कसं कोण जाणे दोन्ही हात वर काढले आणि त्या पोरीला कठड्यापलीकडं धरलं. पलीकडून कोणाचे तरी हात आले. पोरगी गेली. कोणी घेतली, तिची माय त्या ११४ मध्ये होती की दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारात लेकरू शोधत फिरत होती, काही माहीत नाही. नाव नाही. गाव नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री माय गावात आली तेव्हा शिदोरीची भाकर कापडात तशीच बांधलेली होती. पहिली गोष्ट बोलली ती ही, "कोनाची होती थे?"

एकतीस वर्षं झाली असतील. आमच्या घरात हा प्रश्न अजून जेवायला बसतो.

आता त्या दगडाबद्दल बोलतो, कारण पोरगा त्याच्यासाठी आला होता आणि मलाही तो दगड आवडतो. खरंच आवडतो. १९०७ चा खांब, शेजारी चार घोडे, खाली दगडावर कोरलेली अंतरं : हैदराबाद ३१८ मैल, चांदा १२५, जबलपूर १७०, सिवनी ७९, छिंदवाडा ८३. समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट. मी शाळेत असताना सहलीला गेलो होतो तेव्हा तो शेवटचा एक पाहून चकित झालो होतो. फुटाचा हजारावा भाग! एका टेकडीजवळची जमीन एवढ्या बारकाईनं मोजणारी माणसं कोण असतील, असं वाटलं होतं. (देशाचा अगदी मध्य तो नाही, हे मला माहीत आहे. कमेंटमध्ये सांगू नका. सर्वेक्षणाचा मापखांब आहे तो, आणि तेवढं पुरेसं मोठं आहे.)

ती माणसं कोण, ते मला नंतर कळलं. विल्यम लॅम्बटन नावाच्या माणसानं १८०२ मध्ये मद्रासजवळून ही मोजणी सुरू केली. अर्ध्या टनाचं यंत्र माणसांकडून डोंगरांवर चढवून घेत तो वीस वर्षं उत्तरेकडं सरकत राहिला. आणि १८२३ च्या जानेवारीत मेला कुठं? आमच्या हिंगणघाटात. हैदराबादेकडून नागपूरला जाताना. थडगं तिथंच आहे. अख्ख्या तालुक्यात विचारा, दहा जणांना माहीत नसेल. मी शोधत गेलो होतो, बराच वेळ उभा राहिलो. तो इंग्रज होता, कंपनीसाठी मोजत होता, मोजलं की सारा बसवायला सोपं जातं, हे सगळं मान्य. तरी मला त्याच्याबद्दल माया वाटली. आमच्या तालुक्यातून नागपूरला निघालेला आणि न पोचलेला माणूस.

त्या चौकाचा सगळा इतिहास असाच आहे. वर सीताबर्डीची टेकडी, तिथं १८१७ च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य कंपनीशी लढलं आणि हरलं, मग इंग्रजांनी किल्ला बांधला. पुढं मध्य प्रांताची राजधानी, मग मध्य प्रांत-वऱ्हाडाची. १९५६ ला राजधानीपण गेलं. त्याआधी १९५३ च्या नागपूर करारात ठरलं होतं की सरकार दरवर्षी काही काळ इथं येईल, आणि १९६० पासून अधिवेशन भरतं. कराराचा अर्थ आमच्या आजानं साधा लावला होता : वर्षातून एकदा सरकार आपल्या दारात येणार, तेव्हा जाऊन सांगायचं. म्हणून मोर्चे. यशवंत स्टेडियमवरून निघायचं, अडवतील तिथं थांबायचं, निवेदन द्यायचं, रात्री परत. कापूसवाले, अंगणवाडीवाल्या, धानवाले, शिक्षक. नागपूरकर वैतागतात, रस्ते बंद होतात, दवाखान्यात जाणाऱ्यांचे हाल होतात. तेही खोटं नाही. पण आमच्यासाठी मुंबई आठशे-हजार किलोमीटर आहे भाऊ. आम्ही बोलायचं कुठं?

१९९४ ला लोक त्या कराराच्या भरवशावरच गेले होते. अर्धी माणसं निरक्षर, कराराचं नावही ऐकलेलं नसेल, पण भरवसा तोच.

हे त्या पोराला कोण सांगणार? दगडावर १९०७ लिहिलंय, ते तो वाचतो. ज्या उड्डाणपुलाचा तो व्हिडिओ काढत होता, त्या पुलाचं नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल आहे. पुलाच्या नावातली माणसं तिथंच जवळ मेली आणि त्यांच्यातून वाचलेली बाई त्याच्या फ्रेममध्ये नको होती!

हे लिहिताना पुन्हा राग आला. थांबतो जरा.

पाणी पिऊन आलो. माय झोपेत कण्हते आहे, गुडघे.

त्या पोरानं उद्धटपणा केला नाही, हे मला लिहायला पाहिजे. "ना" लावून बोलला. मी पुढं होऊन त्याला म्हटलं, "ही माझी माय, त्या दिवशी इथं होती." त्याला "त्या दिवशी" म्हणजे काय ते कळलं नाही. मी सांगितलं, फार चांगल्या शब्दांत नाही सांगितलं. तो ऐकत राहिला. मोबाईल खाली केला. मग म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं काका, मी इथलाच आहे." त्याचा चेहरा उतरला तेव्हा मला वाटलं की मी कोणावर ओरडतोय. हा १९९४ नंतर दहा-बारा वर्षांनी जन्मलेला. याला शाळेत सहलीला आणलं असेल, मला आणलं होतं तसंच, आणि घोडे दाखवून परत नेलं असेल. माझ्या सहलीच्या वेळी तर अवघी तीन वर्षं झाली होती. मास्तरांनी अंतरं वाचून दाखवली, उंची वाचून दाखवली. वर्गात आम्ही चार गोवाऱ्यांची पोरं होतो. मास्तर आमच्याकडं पाहून एक शब्द बोलले नाहीत. कदाचित त्यांनाही काय बोलावं सुचलं नसेल. मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही आणि आज पहिल्यांदा वाटतंय की करावं.

त्या पोरानं मायला विचारलं, "मावशी, मी तुमचा व्हिडिओ घेऊ का? तुम्ही सांगा." माय नाही म्हणाली. तिला बोलावं वाटलं नाही. पण त्याच्या गालाला हात लावला.

१४ ऑगस्ट २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आमच्या बाजूनं निकाल दिला तेव्हा गावात गुलाल उधळला होता. माय ओट्यावर बसून बोटं मोजत होती. मी विचारलं काय मोजतेस, तर म्हणाली, "थे पोरगी आता सत्तावीस-अठ्ठावीसची असंन. तिले भेटंल ना आता सर्टिफिकेट?" गावातल्या कोणाचा विचार आधी आला नाही, माझ्या पुतण्याचाही नाही. मग १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. कायद्याचं मी काय बोलणार, यादीतला शब्द न्यायालयानं वाचला तसा वाचला. मायला मी आठ दिवस सांगितलंच नाही. सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग तिचं?"

मला कोणाकडून नवं स्मारक नको आहे, आहे ते पुरे. मला एवढंच पाहिजे की जो कोणी झिरो माईल दाखवायला पोरं नेतो, मास्तर असो, बाप असो, मोबाईलवाला असो, त्यानं १०२०.१७१ सांगून झाल्यावर ११४ पण सांगावं. दोन मिनिटं लागतात. तुमच्यापैकी निम्मे शिक्षक आहेत, मला माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत सहली निघतील. तुम्हाला हे सांगायची गरज पडू नये, पण सांगतोय.

परत येताना माय बुटीबोरीपर्यंत गप्प होती. मला वाटलं झोपली. जामच्या चौरस्त्यावर गाडी थांबली, चहावाले ओरडायला लागले, तेव्हा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बापू, फराक पिवळाच होता न? मले आता हिरवा दिसते."

एकतीस वर्षांत ती कधी पिवळा सोडून दुसरं काही बोललेली नाही. मी म्हटलं, पिवळा, माय, तू नेहमी पिवळाच सांगते. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. तिला बाहेरचं काही दिसत नसणार, डॉक्टर म्हणाले उजव्या डोळ्यानं फक्त उजेड कळतो.

"ऑपरेशन होऊ दे," ती म्हणाली, "मंग सांगतो."

मंगळवारची तारीख मिळाली आहे.