'चमकलास की लगेच एनबीएत जा' हा सल्ला बहुतेक पोरांना बुडवणारा आहे

एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिच्या ड्राफ्टचे (टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्याचे) दिवस जवळ आले की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: कॉलेज बास्केटबॉलमध्ये एक सीझन भारी गेला की पोराने मागेपुढे न बघता एनबीएत जावं, लेब्रॉन जेम्स आणि कोबी ब्रायंटसारखे स्टार कॉलेजात गेलेच नाहीत, थांबलेलं प्रत्येक वर्ष म्हणजे लाखो डॉलरवर पाणी, वय वाढलं की भाव पडतो, दुखापत झाली तर खेळ खलास, आणि डिग्री काय, नंतरही घेता येते. ऐकायला एकदम पटतं, आणि म्हणूनच मला त्याचा राग येतो, कारण १९-२० वर्षांच्या पोराच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय असा चार ओळींत उरकायचा नसतो.

लेब्रॉन-कोबीचं आधी संपवू. हायस्कूलमधून थेट एनबीएत जायचा रस्ता २००६ च्या ड्राफ्टपासून बंद झालाय, अमेरिकन पोराला हायस्कूलनंतर एक वर्ष थांबावंच लागतं आणि वय १९ लागतं. बरं, रस्ता चालू होता तेव्हाही सगळे लेब्रॉन झाले नाहीत. कॉर्लिऑन यंग १९९८ मध्ये हायस्कूलमधून आला, ड्राफ्टमध्ये ४० व्या नंबरला निवडला गेला, एनबीएत तीन मॅच खेळला. लेनी कूक तर एकेकाळी लेब्रॉनच्या बरोबरीने मोजला जायचा, २००२ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलंच नाही. ही नावं मेसेजमध्ये कधी दिसत नाहीत.

आता पैशाचं, कारण खरी मेख इथे आहे. ड्राफ्टमध्ये दोन राउंड असतात. पहिल्या राउंडमध्ये गेलात तर ठरलेल्या स्केलने पगार आणि पहिली दोन वर्षं गॅरंटीड, तुम्ही बेंचवर बसा नाहीतर पायाला प्लास्टर घालून बसा. चेट होमग्रेन २०२२ मध्ये दुसऱ्या नंबरला गेला, पायाच्या दुखापतीने अख्खा पहिला सीझन बाहेर बसला, पगार मात्र मिळाला. दुसऱ्या राउंडला अशी कुठलीच गॅरंटी नाही. काहींना चांगलं कॉन्ट्रॅक्ट मिळतं, पण कितीतरी जण टू-वे कॉन्ट्रॅक्टवर (एनबीए आणि तिची खालची लीग, दोन्हीकडे खेळायचं) जातात, म्हणजे नवख्या खेळाडूच्या किमान पगाराच्या अर्धे पैसे, २०२५-२६ मध्ये साधारण ६ लाख ३६ हजार डॉलर, आणि तेही नाही जमलं तर ती खालची लीग, म्हणजे जी लीग, तिथे वर्षाला चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलर. तिकडे कॉलेजचं चित्र पार बदललंय. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमावता येतं, आणि जुलै २०२५ पासून कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. मोठ्या कॉलेजच्या चांगल्या खेळाडूला दहा लाखांच्या वर मिळाल्याच्या बातम्या आता सर्रास येतात. मग ज्याचा नंबर पंचेचाळिसावा, म्हणजे दुसऱ्या राउंडमध्ये, लागेल अशी चर्चा आहे त्याने थांबून नेमकं काय गमावलं? पोरांना हे गणित कळलंय, २०२१ मध्ये ३५३ जणांनी वेळेआधी (अर्ली एंट्री म्हणून) ड्राफ्टसाठी नाव दिलं होतं (तेव्हा कोव्हिडमुळे मिळालेल्या जादा वर्षाचाही गोंधळ होता), २०२५ मध्ये फक्त १०६.

'थांबलं की भाव पडतो' हे सरसकट खरं नाही. झॅक ईडी बघा, कॅनडातल्या टोरांटोचा सात फूट चार इंची सेंटर. मार्च २०२३ मध्ये त्याच्या पर्ड्यू कॉलेजची टीम राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं सीड (म्हणजे मानांकन) असून सोळाव्या सीडच्या फेअरली डिकिन्सनकडून हरली, अमेरिकाभर हसं झालं, आणि ईडी त्या वर्षीचा तिथला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. त्याने ड्राफ्टला नाव दिलं, अंदाज दुसऱ्या राउंडच्या आसपासचे, आणि अगदी शेवटच्या दिवशी नाव मागे घेतलं. तेही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना, म्हणजे कॅम्पसबाहेरच्या कमाईवर बंधनं, जे आपल्याकडच्या कुठल्याही एमएस करणाऱ्या पोराला वेगळं सांगायला नको. पुढच्या वर्षी पर्ड्यू फायनलला पोचली, तिथे हरली, पण याने त्या मॅचमध्ये ३७ पॉइंट काढले आणि एनबीएच्या मेम्फिस टीमने त्याला नवव्या नंबरला उचललं, पहिल्याच वर्षी पन्नास लाख डॉलरच्या वर. टोरांटोचाच आणखी एक उंच पोरगा, सिम भुल्लर, पंजाबी घरातला, सात फूट पाच इंच, कॉलेजमध्ये दोन सीझन खेळून २०१४ मध्ये बाहेर पडला. ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, पुढे एनबीएच्या सॅक्रामेंटो टीमकडून तीन मॅच मिळाल्या. भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो आणि बाळगायलाच हवा, पण आणखी एक-दोन वर्षं थांबला असता तर हा प्रश्न मला आजही छळतो.

उलटं उदाहरणही आहे. ऑस्कर शीब्वे २०२२ चा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, केंटकी कॉलेजात आणखी एक वर्ष थांबला आणि २०२३ मध्ये ड्राफ्टच झाला नाही. पण त्याच्यासाठी पहिला राउंड २०२२ मध्येही पक्का नव्हता, त्यामुळे थांबल्याने हातचं गेलं असं म्हणता येत नाही.

दुखापतीची भीती मात्र खरी आहे, ती उडवून लावणाऱ्यातला मी नाही. जॉन्टे पोर्टर या कॉलेज खेळाडूने २०१८ मध्ये ड्राफ्टमधून नाव मागे घेतलं, सीझन सुरू व्हायच्या आधीच गुडघा गेला, पुढच्या ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की गुडघा प्रो झाल्यावरही जातो, आणि गॅरंटी नसलेल्या कॉन्ट्रॅक्टवर गेला तर टीम हात झटकून मोकळी होते.

वयाचा मुद्दा सगळ्यात दमदार. एनबीएत मॅक्स, म्हणजे जास्तीत जास्त, पगार सर्व्हिसच्या (एनबीएत काढलेल्या) वर्षांवर ठरतो, सहा वर्षांपर्यंत टीमच्या पगारमर्यादेच्या २५ टक्के, सात ते नऊला ३०, दहानंतर ३५. म्हणजे लवकर गेला तो मोठ्या पैशाला लवकर पोचतो. कूपर फ्लॅगने २०२५ मध्ये ड्यूक कॉलेजला एका वर्षात रामराम ठोकला ते अगदी बरोबर, पहिला नंबर नक्की होता. पण ही वर्षं लीगमध्ये टिकलेल्याचीच मोजतात, जी लीगमध्ये घासलेली नाही.

डिग्री नंतर घेता येते, मान्य. मायकल जॉर्डनने १९८४ मध्ये कॉलेज सोडलं आणि १९८६ मध्ये डिग्री घेतली, स्टेफ करीने २००९ ला सोडलं, २०२२ ला पूर्ण केली. दोघांकडे फीची चिंता नव्हती, बस एवढाच फरक.

बरं, आता अंदाजावर उडी मारायची गरजही नाही. नाव द्या, लीगच्या सल्लागार समितीकडून मत मागवा, नोंदणीकृत एजंट घेतला तरी २०१८ पासून कॉलेजात परत जाता येतं, कंबाइननंतर (ड्राफ्टआधी टीम खेळाडूंची चाचणी घेतात, त्यानंतर) दहा दिवसांत नाव मागे घ्या. ती तारीख गेली की मात्र परतीचं दार जवळपास बंद, म्हणून त्याच्या आत एजंटला एकच विचारा: पहिल्या राउंडमध्ये घेतो असं कुठल्या टीमने सांगितलंय? आणि तो 'बऱ्याच टीम इंटरेस्टेड आहेत' म्हणाला तर टीमचं नाव सांगेपर्यंत उठू नका.