हलका गॅस वर, जड गॅस खाली? डिटेक्टरची जागा अशी ठरत नाही

गोव्यात वेर्णा-कुंकळ्ळीकडच्या कारखान्यांतल्या सेफ्टीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, की फिक्स गॅस डिटेक्टर (एका जागी कायमचा बसवलेला, गॅस गळला की अलार्म देणारा) बसवताना फक्त गॅसचं वजन बघा, हलका असेल तर छताला, जड असेल तर जमिनीलगत, आणि एका खोलीला एक पुरे. नवीन पोरं हेच धरून ड्रॉइंगवर खुणा करतायत म्हणून लिहितोय.

आधी अमोनिया, कारण आपल्याकडे बर्फाच्या आणि मासळीच्या कारखान्यांत तोच असतो. तो हलका हे खरं, रेणुभार 17, हवेचा साधारण 29. पण सिस्टीममध्ये तो प्रेशरखाली लिक्विड असतो, एरवी उणे 33 अंशालाच उकळतो, त्यामुळे लिक्विड लाइनचा ग्लँड (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं सील) किंवा फ्लँज (पाइपचा बोल्टचा जोड) सुटला की बारीक थेंबांचा थंडगार पांढरा ढग बाहेर पडतो आणि तो हवेपेक्षा जड, जमिनीवरूनच पसरतो. छतावरच्या सेन्सरला कळेपर्यंत पंपापाशी वाकलेल्या ऑपरेटरचं काय होईल? त्यात आपल्या पत्र्याच्या शेड, मे महिन्यात पत्र्याखाली गरम हवेचा थर बसतो आणि हळूहळू गळणारी वाफ त्याच्या खालीच अडकू शकते. वरचा डिटेक्टर जरूर ठेवा, एक्झॉस्टच्या वाटेवर ठेवा, पण रिसीव्हर (लिक्विड अमोनियाची टाकी) आणि पंपाजवळ नाकाच्या उंचीला एक हवाच हवा.

जड गॅस खाली, हे एलपीजीला बरोबर. त्यातला प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ट्रेंच, खड्डे, गटारं बघा. फक्त पाइपने फरशी धुतात तिथे अगदी तळाला लावू नका, पाणी उडून सेन्सर जातो.

ईटीपीतल्या (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करतात तिथल्या) हायड्रोजन सल्फाइडला मात्र हा नियम लावूच नका. रेणुभार 34, म्हणजे हवेपेक्षा जेमतेम जड, आणि 100 पीपीएमलाच जिवाला धोका, वासही कळेनासा होतो. 100 पीपीएम म्हणजे हवेत 0.01 टक्का, एवढ्याने हवेचं वजन काय बदलणार, वारा नेईल तिकडे तो जातो. माणसं उभी राहतात तिथे, श्वासाच्या उंचीला लावा.

खोलीला एक पुरे हे तर धोकादायकच आहे. स्मोक ट्यूब (धूर सोडणारी छोटी नळी) घेऊन फिरा, फॅन चालू ठेवून आणि बंद करून धूर कुठे जातो, कुठल्या कोपऱ्यात साचतो ते बघा, आणि पावसाळ्यात परत बघा, कारण उन्हाळ्यात दुपारी समुद्राचा वारा सरळ आत येतो आणि जूननंतर शटर बंद असतात, सगळा हिशोबच बदलतो. उंचावर बसवलात तर कॅलिब्रेशनची नळी (सेन्सरला तपासणीचा गॅस देण्याची) खालपर्यंत आणून ठेवा, शिडी लावून बंप टेस्ट (थोडा गॅस देऊन अलार्म वाजतो का बघणं) दर वेळी कुणी करत नाही.