सर्व्हरचं भाडं कोण भरणार, हे आधी ठरवू या

पुण्यातल्या आमच्या मित्रमंडळींनी मराठीसाठी मॅस्टोडॉनचा सर्व्हर सुरू करायचं ठरवलंय. मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण कोणा एका कंपनीचं नाही; वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले सर्व्हर त्यात एकमेकांना जोडलेले असतात. मला हे मनापासून हवंय, मी त्यात आहेही. पण परवा एक मित्र म्हणाला, "सुरुवातीला माझ्या कार्डावरून भरतो, पुढचं पुढे बघू," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून हे लिहितोय.

सभासद दोनशे, म्हणजे भार दोनशे माणसांचा, असं नसतं. त्यातल्या कोणीही जगातल्या कुठल्याही सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो केलं, की त्याच्या पोस्ट आपल्याकडे येऊ लागतात आणि सोबतच्या फोटोंच्या प्रती आपल्या डिस्कवर साठतात. भाडं वाढतं ते मुख्यतः इथे. जुन्या प्रती ठरावीक दिवसांनी पुसायची सोय आहे, ती पहिल्या दिवसापासून चालू हवी. उलट बाजूने, आपल्या एखाद्या सभासदाचे फॉलोअर हजार सर्व्हरवर पसरलेले असतील, तर त्याची एक पोस्ट हजार ठिकाणी पोचवावी लागते. ही कामं साइडकिकच्या, म्हणजे सर्व्हरवर मागे चालणारी कामं एकेक करून उरकणाऱ्या प्रोग्रामच्या, रांगेत लागतात. २०२२ च्या ऑक्टोबरात मस्कने ट्विटर घेतल्यावर मॅस्टोडॉनवर जो लोंढा आला, त्यात अनेक सर्व्हरच्या रांगा तुंबल्या आणि पोस्ट फार उशिरा पोचू लागल्या. आपल्याकडे २०१९ च्या नोव्हेंबरात वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हाही बरेच भारतीय इकडे आले होते. असा लोंढा सांगून येत नाही.

सोसायटीत सिंकिंग फंड आपण इमारत मोडकळीला यायच्या आधीपासून भरतो. आदर्श उपविधींत त्याचा दरही दिलाय, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के. सर्व्हरलाही तेच हवं. यूपीआय ऑटोपेने दरमहा छोटी वर्गणी, हिशोब सगळ्यांना दिसेल असा, आणि सहा महिन्यांचं भाडं कायम शिल्लक. शिल्लक त्याखाली गेली की नवी नोंदणी बंद, मग बाहेर कितीही लोक थांबलेले असोत. विद्यार्थ्यांना फुकट घेऊ, पण त्यांचा भार कोण उचलतंय हे हिशोबात दिसू दे. जाहिराती तर नकोतच, त्यांच्यापासून सुटायला तर आपण निघालोय.

एवढा आग्रह का? मॅस्टोडॉनवर खातं हलवलं तर फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट नाही. आणि फॉलोअर नेण्यासाठीही जुना सर्व्हर चालू असावा लागतो. मित्राची नोकरी गेली, तो आजारी पडला किंवा नुसता कंटाळला आणि भाडं थकलं, तर लोकांना निघायचीही संधी मिळणार नाही. तक्रारी बघण्याचं कामही त्याच्या एकट्याच्याच गळ्यात पडेल, तेही रात्री-बेरात्री. मित्रावर हे लादणं मला पटत नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत नाव आणि लोगोच्या आधी हा विषय घेऊ. डोमेन, म्हणजे सर्व्हरचं इंटरनेटवरचं नाव, कोणाच्या नावावर राहील, हेही तेव्हाच ठरवू. प्रत्येक खात्याचा पत्ता त्या डोमेनला बांधलेला असतो, म्हणून त्याच्या चाव्या किमान दोघांकडे असाव्यात.